पुन्हा सुरुवात करायची तर

गेल्या वर्षी जुलैच्या अखेरीस मी मुलीला नागपूरला वसतिगृहात सोडायला गेले होते. सीताबर्डीच्या बाजारातून दोन बादल्या, मग, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, चिमटे आणि कुलूप घेतलं. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दोन लोखंडी खाटा, भिंतीतलं एक कपाट, खिडकीच्या गजांपलीकडे पावसानं काळं पडलेलं कडुनिंबाचं झाड. कपाटात कागद अंथरून झाला, गादीवर चादर घातली, देवाचा छोटा फोटो कुठे लावायचा यावर थोडा वाद झाला. मग करण्यासारखं काही उरलं नाही. गाडीला अजून दोन तास होते. मी त्या खाटेवर बसले आणि माझा पाय तिथून निघेना.

मुलीच्या विरहानं गहिवरून आलं असं कुणालाही वाटलं असतं. खरी गोष्ट वेगळी होती. मला त्या खोलीचा हेवा वाटत होता. अजून काहीच न लिहिलेल्या वहीसारखी ती खोली होती आणि ती माझी नव्हती. पस्तीस वर्षांपूर्वी गडहिंग्लजहून कोल्हापूरला येऊन मी अशाच एका खाटेवर वळकटी सोडली होती. त्या संध्याकाळचा फिनेलचा वास, शेजारच्या खोलीतला रेडिओ, उद्या आपण कोण असू याचा काहीही अंदाज नसल्याची ती छातीतली धडधड, हे सगळं एका क्षणात अंगावर आलं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, तूच राहा इथे. मी जाते घरी." ती हसत होती. मला मात्र बोलता येईना.

परतीच्या विदर्भ एक्सप्रेसमध्ये वाचायला म्हणून आमच्या वाचनगटातल्या एका मित्रानं दिलेलं पुस्तक पिशवीत होतं. केन ग्रिमवूड या अमेरिकन लेखकाची 'रीप्ले' ही कादंबरी. बडनेरा गेलं, अकोला गेलं, समोरच्या बाकावरच्या मंडळींनी दिवे मालवले. मी वरच्या बर्थवर छोट्या दिव्याच्या उजेडात वाचत राहिले. भुसावळच्या आसपास एक प्रकरण संपलं आणि मी पुस्तक मिटून छातीवर ठेवलं. दुपारी त्या खाटेवर मला काय झालं होतं, ते कुणीतरी माझ्या आधी नीट जाणून घेतलं होतं. आणि त्या भावनेत कुठला धोका दडलेला आहे, तेही त्याला दिसलं होतं.

ही पुस्तिका त्या रात्रीतून निघाली. डोंबिवलीतल्या आमच्या वाचनगटात अकरा जण आहेत. सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे, सगळे आईबाप. मी 'रीप्ले' सर्वांना वाचायला लावली आणि एकच प्रश्न दिला : पुन्हा सुरुवात करायला मिळाली, तर तुम्ही कुठून कराल आणि त्यासाठी काय सोडाल? अकरा जणांची अकरा उत्तरं पुढच्या पानांवर आहेत. ती वाचण्याआधी कादंबरीची आणि त्या हुरहुरीची ओळख करून द्यावी, एवढ्यासाठी हा मजकूर. कादंबरीचा शेवटही मी इथे सांगणार आहे, कारण त्याच्याशिवाय आमच्या लेखांचा अर्थ लागणार नाही. ज्यांना तो स्वतः वाचून गाठायचा आहे, त्यांनी आधी मूळ पुस्तक मिळवावं.

*

जेफ विन्स्टन हा न्यूयॉर्कमधल्या एका रेडिओ केंद्राच्या वृत्तविभागात काम करणारा त्रेचाळीस वर्षांचा माणूस. संसार निरस झालेला, मूल नाही, नोकरीत पुढे जायला वाट नाही. १८ ऑक्टोबर १९८८ च्या दुपारी एक वाजून सहा मिनिटांनी, बायकोशी फोनवर बोलत असताना, हृदयविकाराच्या झटक्यानं तो मरतो. डोळे उघडतात तेव्हा साल १९६३ असतं. तो अठरा वर्षांचा आहे आणि अटलांटातल्या एमरी विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या आपल्या जुन्या खोलीत आहे. शरीर कोवळं, पण डोक्यात पुढच्या पंचवीस वर्षांची आठवण शाबूत.

त्याला आधी सुचतं ते आपल्याला कुणालाही सुचेल तेच. केंटकी डर्बीत शॅटोगे नावाचा घोडा जिंकणार हे त्याला ठाऊक आहे, तो त्याच्यावर पैसे लावतो. त्या वर्षीच्या बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजमध्ये डॉजर्स यांकीजना सलग चार सामन्यांत लोळवणार, तिथेही लावतो. आमच्या बैठकीत हा भाग निघाला तेव्हा एकानं ताबडतोब २५ जून १९८३ चं नाव घेतलं. लॉर्ड्सवर कपिलच्या संघानं १८३ धावांच्या बळावर वेस्ट इंडीजला हरवलं तो दिवस आमच्या पिढीत कुणाला आठवत नाही? जेफ पैजांत मिळालेल्या पैशातून कंपनी उभी करतो, शेअर बाजारात कुबेर होतो. मग त्याच्या मनात येतं की एवढं कळतंय तर जगाचंही काही भलं करावं. नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून होणार आहे. तो त्या खुनातल्या मारेकऱ्याच्या, ऑस्वाल्डच्या, नावानं धमकीचं पत्र पाठवून त्याला आधीच अटक होईल अशी तजवीज करतो. ऑस्वाल्ड पकडला जातो, तरी केनेडी मारले जातातच. गोळी दुसराच कुणीतरी झाडतो. काय होणार हे माहीत असणं आणि ते बदलता येणं यांत केवढी दरी आहे, हे लेखक इथे दाखवून देतो. कादंबरी अजून सुरूच होत असते.

१९८८ ची ती दुपार पुन्हा येते. या वेळी जेफ श्रीमंत आहे, उत्तम डॉक्टर हाताशी आहेत, तब्येत राखलेली आहे. तरीही ठरल्या मिनिटाला तो मरतो आणि पुन्हा १९६३ मध्ये जागा होतो. मग पुन्हा. फेऱ्यांमागून फेऱ्या. प्रत्येक वेळी जमवलेलं सगळं पुसलं जातं. राहते ती फक्त त्याची आठवण.

ग्रिमवूड १९४४ साली अलाबामात जन्मला, स्वतः एमरीत शिकला आणि लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ केंद्रात रात्रपाळीचा संपादक म्हणून काम करता करता लिहीत राहिला. म्हणजे जेफचं वसतिगृह त्याचं होतं आणि जेफचं बातम्यांचं टेबलही त्याचंच. 'रीप्ले'ला १९८८ साली वर्ल्ड फँटसी अवॉर्ड मिळालं. पुस्तकाच्या यशामुळे त्याला नोकरी सोडून पूर्णवेळ लिहिता आलं. चाळिशीतल्या या माणसाची नवी सुरुवात पुन्हा सुरुवात करण्याच्या कादंबरीनंच करून दिली. २००३ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, हृदयविकारानंच तो गेला. त्या वेळी तो 'रीप्ले'चा पुढचा भाग लिहीत होता.

*

आता त्या हुरहुरीविषयी. मराठीत 'स्मरणरंजन' हा शब्द रुळला आहे, पण त्यात रंजन आहे आणि दुखणं नाही. मूळ 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द एका दुखण्याचंच नाव म्हणून जन्मला. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं बाझेल इथे सादर केलेल्या प्रबंधात तो घडवला. घरी परतणं आणि वेदना अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द त्यानं जोडले. मुलखाबाहेर राहणारी स्विस माणसं घरच्या ओढीनं झुरतात, खात नाहीत, झोपत नाहीत, हे त्यानं नोंदवलं आणि घरी धाडणं हाच खरा उतारा सांगितला. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १७९८ साली, इमान्युएल कांट या तत्त्वज्ञानं त्यावर फार मोलाची गोष्ट लिहिली. ही माणसं घरी परततात तेव्हा त्यांची निराशा होते आणि त्या निराशेनंच ती बरी होतात. सगळं बदललंय असं त्यांना वाटतं, पण खरं कारण एवढंच असतं की तिथे गेलं तरी तारुण्य परत मिळत नाही.

हे वाचलं आणि मला माझं कोल्हापूर आठवलं. मधल्या वर्षांत मी तीनदा तिथे गेले. रंकाळ्यावर बसले, वसतिगृहाच्या फाटकापाशी उभी राहिले. प्रत्येक वेळी काहीतरी चुकल्यासारखं वाटून परतले. गावाची ओढ असली तर तिकीट काढता येतं. वयाच्या ओढीला कुठल्याच खिडकीवर तिकीट मिळत नाही.

आणि ही ओढ नेमकी त्याच वयाची का, यालाही उत्तर आहे. १९८६ साली, म्हणजे 'रीप्ले' लिहून होत होती त्याच सुमारास, डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या आयुष्यातल्या आठवणींवरचे अनेक अभ्यास एकत्र ताडून पाहिले. वय वाढलेल्या माणसांना आयुष्यातलं काहीही आठवायला सांगितलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा तिथे उंचवटा दिसतो. कारणं वेगवेगळी सांगितली जातात, पण एक आपल्या अनुभवाशी जुळतं. त्या वयात पहिलेपणा फार असतो. पहिली खोली, पहिला पगार, पहिलं प्रेम, घरच्यांना न सांगता घेतलेला पहिला निर्णय. पहिल्या गोष्टी मनावर कोरल्या जातात. हजाराव्यांदा केलेला डबा कुणाच्या लक्षात राहतो?

आईबाप झाल्यावर यात आणखी एक गोष्ट मिसळते. आपली मुलं आपल्या डोळ्यांदेखत त्या उंचवट्यावर चढत असतात. मुलगी पहिल्यांदा एकटी रेल्वेनं जाते, मुलगा पहिल्यांदा रात्रभर बाहेर राहतो, आणि आपलं बंद कपाट आतून कुणीतरी वाजवतं. 'आमच्या वेळी' असं आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा मुलांना वाटतं आपण त्यांना शिकवतोय. खरं तर त्या क्षणी आपण त्यांच्याकडे दारातून डोकावून पाहत असतो.

*

यातला धोका 'रीप्ले'नं ज्या ठिकाणी दाखवला, तिथे मी भुसावळला पुस्तक मिटलं होतं.

दुसऱ्या आयुष्यात जेफला एक मुलगी होते. ग्रेचेन. बायकोशी त्याचं जमत नाही, पैशाचा आनंद विटलेला आहे, पण या मुलीवर त्याचा जीव आहे. पहिल्या आयुष्यात जे नव्हतं ते एवढंच, आणि तेच सर्वस्व. १९८८ ची ती दुपार येते, जेफ मरतो आणि पुन्हा अठरा वर्षांचा होऊन जागा होतो. समोर पुन्हा सगळं तारुण्य पसरलेलं आहे. आणि ग्रेचेन नाही. ती मेलेली नाही, कारण ती कधी जन्मलीच नव्हती. तिचा फोटो नाही, तिची वही नाही, तिचं नाव आठवणारं दुसरं माणूस नाही. तिच्यासाठी सुतक पाळता येत नाही, कारण कुणाला सांगणार की मला एक मुलगी होती? पुढच्या आयुष्यात जेफ स्वतःचं मूल होऊ न देण्याची व्यवस्था करतो आणि मुलं दत्तक घेतो. रक्ताचं मूल पुन्हा एकदा असं पुसलं जाणं त्याला सोसणार नसतं.

तारुण्य परत हवं असं म्हणताना आपण हा हिशेब कधी मांडत नाही. मी अठराची झाले तर त्या वसतिगृहातली ती पोरगी कुठून येणार? तिच्या जन्माआधी घडलेली एकही गोष्ट जरा इकडची तिकडे झाली, त्या वर्षी बँकेची परीक्षा मी दिली नाही, त्या लग्नाला गेले नाही, त्या बसला चढले नाही, तर ती नाही. दुसरी कुणी असेल कदाचित. ती नाही.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्याकडे ती महाभारतापासून सांगितली जाते. शुक्राचार्यांच्या शापानं अकाली म्हातारा झालेला ययाती आपल्या मुलांपुढे हात पसरतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात. धाकटा पुरू आपलं तारुण्य बापाच्या ओंजळीत घालतो आणि त्याचं म्हातारपण स्वतः घेतो. हजार वर्षं भोगून झाल्यावर ययातीला कळतं की भोगून तहान भागत नाही, आणि मग तो मुलाचं मुलाला परत करतो. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली या कथेवर 'ययाति' लिहिली आणि १९७४ साली त्यांच्या रूपानं मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं. आपण ती गोष्ट वासनेची म्हणून वाचत आलो. 'रीप्ले' वाचल्यावर मला तिच्यातला बाप ठळक दिसू लागला. ययाती असो की जेफ, पालकाच्या परतलेल्या तारुण्याची किंमत मूल मोजतं. फरक इतकाच की पुरूला विचारलं गेलं होतं. ग्रेचेनला विचारायलाही कुणी उरलं नाही.

दिवाळीत मुलगी घरी आली तेव्हा मी तिला ही गोष्ट सांगितली. ती चकल्या खात ऐकत होती. मी विचारलं, "मी अशी मागे गेले आणि तू राहिलीच नाहीस, तर?" तिनं जराही वेळ घेतला नाही. म्हणाली, "मला कळणारच नाही ना. त्रास तुला एकटीलाच होईल." एवढं बोलून ती उठून डबा बंद करायला गेली. पूर्ण कादंबरीचं दुःख तिनं एका वाक्यात सांगितलं होतं, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

*

पुढच्या लेखांतल्या दोघांविषयी इथे थोडं सांगते.

आमच्यातला एक जण गिरणी कामगाराचा मुलगा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि ते पुन्हा पूर्वीसारखे आत गेलेच नाहीत. तेव्हा हा सोळा वर्षांचा होता, परळच्या चाळीत राहत होता. वर्षभरानं कुटुंब चिपळूणजवळच्या गावी परतलं आणि याचं शिक्षण सुटलं. त्यानं लिहिलं आहे की पहिल्या बैठकीत तो ठाम होता : मी १७ जानेवारीच्या रात्री जागा होईन आणि बापाला सांगीन, उद्या गेटबाहेर थांबू नका. मग त्यानं केनेडींचं प्रकरण पुन्हा वाचलं. त्याला बापाचा चेहरा दिसला. आळीतला प्रत्येक माणूस बाहेर असताना हा एकटा आत गेला असता का? नसता गेला. मुलानं भविष्य सांगितलं असतं तरी नसता गेला. चाळीस वर्षं बापाच्या निर्णयाला चूक म्हणणाऱ्या या माणसानं लेखाच्या शेवटी ते विधान मागे घेतलं आहे. त्याच्या हस्ताक्षरातला तो परिच्छेद आम्ही एकही शब्द न बदलता छापला आहे.

दुसरा लेख ज्यांचा आहे, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांची मुलगी नवव्या वर्षी तापानं गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांना हा प्रश्न द्यावा की नाही, यावर आम्ही आपसात बोललो होतो. त्यांनीच कागद मागून घेतला. त्यांचा लेख दीड पानांचा आहे. ते लिहितात की आमच्यापैकी त्यांना एकट्यालाच मागे जाण्यात मूल गमावायचं नाही, मिळवायचं आहे. पण मग ती मिळावी म्हणून त्यांना सगळं जसंच्या तसं करावं लागेल. तीच नोकरी, त्याच चुका, लग्नातलं तेच भांडण, सासऱ्यांशी धरलेला तोच अबोला. एक पाऊल वेगळं पडलं तर ती येणार नाही. पुन्हा सुरुवात मिळाली तर मी काहीही बदलणार नाही, असं त्यांनी लिहिलं आहे, फक्त तो ताप आला त्या संध्याकाळी दवाखाना उघडायची वाट पाहणार नाही.

बैठकीत हे वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही. चहा निवून गेला. मला वाटतं, आमच्यापैकी प्रत्येक जण त्या क्षणी आपलं आयुष्य नव्यानं मोजत होता. ज्या चुकांबद्दल आपण इतकी वर्षं स्वतःला कोसत आलो, त्याच चुकांच्या वाटेनं आपली मुलं आपल्याकडे चालत आली आहेत.

ग्रिमवूडलाही हे दिसलं होतं. कादंबरीच्या मध्यावर जेफला पामेला भेटते. तीही त्याच्यासारखीच पुन्हा पुन्हा जगते आहे. पहिल्या आयुष्यात ती गृहिणी होती, दोन मुलांची आई. नंतरच्या फेऱ्यांत ती डॉक्टर होते, चित्रपट काढते, आणि ती दोन मुलं कुठेच नसतात. जेफच्या आणि तिच्या फेऱ्या मात्र हळूहळू आखूड होत जातात. सुरुवात दर वेळी पुढे सरकते, आधी थोडी, मग महिन्यांनी, मग वर्षांनी. अखेर ती जागी होते ती आपल्या जुन्या घरात, त्या दोन मुलांची आई म्हणूनच. तारुण्य जात जात संपतं आणि त्या बदल्यात मुलं परत मिळतात. लेखकानं हा सौदा कुठेही मोठ्या शब्दांत सांगितलेला नाही. आईच्या हाती मुलं देऊन तो पुढे गेला आहे.

*

कादंबरी वाचताना मला सारखा एक योगायोग खुणावत होता. जेफ ज्या १९६३ मध्ये अटलांटातल्या वसतिगृहात जागा होतो, त्याच १९६३ मध्ये भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' प्रसिद्ध झाली. सांगवीचा पांडुरंग पुण्याच्या वसतिगृहात येतो, पैसे उडवतो, वर्षं फुकट घालवतो आणि हात हलवत गावी परततो. नेमाडे तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. तारुण्याच्या आत बसून त्यांनी तारुण्य लिहिलं, आणि ते रम्य मुळीच नाही. त्यात कंटाळा आहे, भीती आहे, धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा काळाठिक्कर घाव आहे. ग्रिमवूडनं चाळिशीतून मागे वळून तेच वय पाहिलं आणि त्याला ते उजेडानं भरलेलं दिसलं. आम्ही गटात दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली. ज्या पालकाला मुलांच्या वयाचा हेवा वाटतो, त्यानं हा क्रम जरूर पाळावा, आणि 'कोसला' नंतर वाचावी. त्या वयात आपण किती घाबरलेले होतो, हे आठवतं. वसतिगृहातलं आपलं लेकरू आज रात्री किती घाबरलेलं असेल, हेही कळतं.

कोल्हापूरची ती पहिली रात्र मला आता पूर्ण आठवते. रेडिओ आणि धडधड होतीच. पण त्याच रात्री उशीत तोंड खुपसून मी रडले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला पत्र लिहिलं होतं की मला इथून घेऊन जा. ते पत्र मी टाकलं नाही. पस्तीस वर्षांत मला तेवढंच आठवेनासं झालं होतं.

'रीप्ले'च्या शेवटी फेऱ्या मिनिटांवर येतात आणि मग थांबतात. घड्याळात एक वाजून सात मिनिटं होतात. जेफ जिवंत असतो. पंचवीस पंचवीस वर्षं पुन्हा पुन्हा जगलेल्या या माणसाला पहिल्यांदाच पुढच्या मिनिटात काय आहे हे ठाऊक नसतं. फोनवर बायको आहे, नोकरी तीच आहे, वय तेच त्रेचाळीस. बदललं काहीच नाही आणि सगळं मोकळं झालं आहे. इथे मला त्या नागपूरच्या खाटेचं कोडं सुटलं. मला अठरा वर्षांचं शरीर नको होतं, कोल्हापूरही नको होतं. मला हवं होतं ते उद्याचं ठाऊक नसणं. आणि ते मिळवायला कुणालाही पुसावं लागत नाही. जेफला ते त्रेचाळिसाव्या वर्षी मिळालं, उद्या सकाळी तुम्हाला आणि मलाही मिळणार आहे.

कोल्हापूरला आम्ही मुली मिळून वसतिगृहाचं भित्तिपत्रक काढायचो. दर पंधरवड्याला ड्रॉइंग पेपरवर मजकूर लिहून काढायचा, शीर्षकं बोरूनं रेखायची, कडेला पोस्टर कलरची नक्षी, आणि मेसच्या भिंतीला लावायचं. ते काम माझ्याकडे असायचं. पुढे सत्तावीस वर्षं बँकेत आकडे लिहिले, पण बोरू हातात धरला नाही. या पुस्तिकेतल्या अकराही लेखांची शीर्षकं मी पुन्हा बोरूनं लिहिली आहेत. पहिल्या तीन शीर्षकांत हात थरथरलेला दिसेल. ती मी तशीच ठेवली आहेत, कारण पुन्हा सुरुवात करणाऱ्याचा हात कापतोच.

शेवटी चार पानं कोरी सोडली आहेत. लेख लिहिणाऱ्यांच्या मुलामुलींनी ती भरावीत अशी आमची इच्छा आहे. आम्ही त्यांना एकच विचारतो : तुमच्या आईला, तुमच्या बाबांना आता, इथून पुढे काय नव्यानं सुरू करताना पाहायला तुम्हाला आवडेल? माझ्या मुलीची प्रत मी नागपूरला धाडते आहे. ती त्या खाटेवर बसून वाचील. तिच्या पानावर ती काय लिहील हे मला ठाऊक नाही, आणि किती वर्षांनी मी अशी पोस्टाची वाट पाहते आहे.